पायाची धमनी मोकळी झाली आणि वहीतले आकडे उतरले

बाबांच्या रक्तदाबाची वही गेली चार वर्षे मी लिहिते आहे. दर रविवारी सकाळी, चहापूर्वी, पाच मिनिटे शांत बसल्यावर घेतलेला आकडा त्यात असतो. तीन औषधे चालू असूनही वरचा आकडा १५०च्या खाली क्वचितच येई. त्याच सुमारास साताऱ्यात राजवाड्यापासून मोती चौकापर्यंत जाताना ते दोनदा थांबू लागले होते. उजव्या पोटरीत गोळा येई आणि दोन मिनिटे उभे राहिले की जाई. ‘वय झाले’ म्हणून आम्ही तिकडे दुर्लक्ष केले, याची मला अजून खंत वाटते.

अखेर डॉक्टरांनी दंडाबरोबर घोट्यावरही पट्टा बांधून डॉपलरने (ध्वनिलहरींनी रक्तप्रवाह टिपणाऱ्या यंत्राने) दाब मोजला. दंडावर १५८, उजव्या घोट्यावर ९२. म्हणजे गुणोत्तर ०.५८. ते ०.९० किंवा त्याहून कमी असेल तर पायाची धमनी अरुंद झाल्याचे मानतात. (जुन्या मधुमेहात धमन्या कडक झालेल्या असतील, तर मात्र हा आकडा फसवा, वाढीव येऊ शकतो.) ओटीपोटातून पायाकडे रक्त नेणाऱ्या इलियाक धमनीत स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीदार नळी) बसवला. तीन महिन्यांनी दंडावर १३८ आणि घोट्यावर १२६ भरले.

पायातली धमनी उघडल्यावर दंडावरचा दाब का उतरावा? चालताना रक्त अपुरे पडलेल्या स्नायूंतून मेंदूकडे संदेश जातात, त्यामुळे सिम्पथेटिक चेतासंस्था उत्तेजित होते, हृदय वेगाने धडधडते, अन्य रक्तवाहिन्या आवळल्या जातात आणि साऱ्या शरीराचा दाब चढतो. पायांच्या धमन्यांच्या आजारात ही प्रतिक्रिया नेहमीपेक्षा तीव्र असते. रक्तपुरवठा सुधारला की तिचे मूळ कारणच कमी होते. शिवाय हृदयाकडून निघालेली दाबाची लाट अरुंद जागेवरून उलटी फिरते, तिचाही थोडा वाटा असू शकतो.

तरीही सारे श्रेय स्टेंटला देणे मला योग्य वाटत नाही, कारण बाबांनी त्याच काळात तंबाखू सोडली आणि रोज चालायला सुरुवात केली. प्रत्येकाचा दाब असा उतरेलच असेही नाही. उठताना त्यांना चक्कर येऊ लागली, तेव्हा डॉक्टरांनी वही पाहून एक औषध कमी केले. ते आम्ही परस्पर बंद केले नाही, कारण धमन्यांचा हा आजार पायापुरता नसतो, हृदय आणि मेंदूलाही त्याचा धोका असतो.

आता वहीत एक रकाना वाढवला आहे: न थांबता किती चालले.