टूथब्रशपासून यू मुंबापर्यंत

आज माणगाव तालुक्यात मामीकडे जाऊन आले. ओट्याशेजारी नळ, नळाखाली कळशी, आणि मामी कौतुकाने सांगत होती, "स्वदेसवाल्यांमुळे आलं गं पाणी घरात." पूर्वी चढणीवरून दोन-दोन हंडे आणताना तिची मान अवघडायची, ते मी पाहिलंय.

स्वदेस फाउंडेशन ही खेड्यांत काम करणारी संस्था, उद्योजक रॉनी स्क्रूवाला आणि त्यांची पत्नी झरीना यांची. येताना एसटीत रॉनीचाच विचार चालू होता. ग्रँट रोडला वाढलेला मुलगा. इंग्लंडमधून जुनी यंत्रं आणून टूथब्रश बनवायला लागला. 1981 च्या सुमारास, घरोघरी फक्त दूरदर्शन असताना, मुंबईत केबल टीव्ही सुरू केला. लोकांना हे पटवून देणं किती अवघड गेलं असेल! आधीच एक चॅनल फुकट दिसतंय, मग महिन्याला पैसे कोण देणार? तरी हा दारोदार फिरला. मला त्याचं सगळ्यात जास्त अप्रूप याचंच वाटतं. पुढे यूटीव्ही ही टीव्ही-सिनेमाची कंपनी, 2012 मध्ये तिची डिस्नेला विक्री, हे सगळ्यांना माहीतच आहे.

आणि मग कबड्डी! क्रिकेटमागे सगळे धावत असताना त्यांनी प्रो कबड्डी लीगमधला मुंबईचा संघ, यू मुंबा, घेतला. पहिल्या हंगामात अंतिम सामन्यात जयपूरकडून हरलो, पण 2015 च्या अंतिम सामन्यात अनुप कुमारच्या संघाने वरळीत बंगळुरू बुल्सला 36-30 हरवलं. आमच्या रायगडात कबड्डी म्हणजे जीव की प्राण. मामीचा नातू आजही संध्याकाळी मातीत दम घुमवत होता, अंगात यू मुंबाचा भगवा टी-शर्ट.