उशिराचे विमान, लवकरची झोप

लेओव्हरमध्ये, म्हणजे दोन उड्डाणांमधल्या परगावच्या मुक्कामात, वैमानिकाला सर्वांत काटेकोर आकडेमोड करावी लागते ती झोपेची. रात्री दहाचे रिपोर्टिंग, म्हणजे ड्यूटीवर हजर होण्याची वेळ, असेल तर दुपारी जेवून आडवे व्हायचे, दोन ते आठ झोप काढायची आणि ताजेतवाने होऊन निघायचे, असा बेत मी सकाळीच पक्का करतो. हॉटेलच्या दोन पडद्यांमधल्या फटीतून उन्हाची तिरीप नेमकी उशीवर येते, म्हणून कपाटातला चिमट्यांचा हँगर काढून त्या चिमट्यांनी पडदे एकमेकांना जोडून टाकायचे, हा या धंद्यातला जुना उपाय. एवढे करून झोप साधते आणि आठला उठून दाढी करत असतानाच फोन वाजतो: येणारे विमान उशिरा आहे, आता रिपोर्टिंग पहाटे दोनला.

ऐकणाऱ्याला वाटते, बरे झाले, चार तास जास्तीचे मिळाले. मला मात्र वेळ अलीकडे येण्यापेक्षा ती अशी पुढे ढकलली जाणे अधिक जड जाते. वेळ अलीकडे आणण्याला निदान नियमांचा अटकाव असतो. अमेरिकेत २०१४ पासून लागू असलेल्या नियमांनुसार ड्यूटीपूर्वी १० तासांची विश्रांती आणि तीत सलग ८ तास झोपण्याची संधी द्यावीच लागते. पण झोप पुरती झालेल्या माणसाला आणखी चार तास दिले, तर ते सगळे जागरणाच्या खात्यात जमा होतात. शिवाय पहाटे २ ते ६ हा शरीराची सावधता सर्वांत कमी असण्याचा काळ, आणि नवे उड्डाण बरोबर त्यातच येऊन बसते.

हा उशीर कुठे कळतो, यालाही फार महत्त्व आहे. हॉटेलवर असतानाच कळला तर रिपोर्टिंग पुढे सरकते. विमानतळावर हजर झाल्यावर कळला तर ड्यूटीचे घड्याळ तोवर चालू झालेले असते आणि नुसते बसून राहिलेले तासही त्यात मोजले जातात. त्याच अमेरिकी नियमांत दोन वैमानिकांच्या ड्यूटीची मर्यादा, ती केव्हा सुरू झाली आणि उड्डाणे किती आहेत यानुसार, ९ ते १४ तास असते. कॅप्टनची संमती असेल तर उड्डाणापूर्वी ती जास्तीत जास्त २ तास वाढवता येते. त्यापुढे दुसरा क्रू शोधावा लागतो. विमान समोर उभे असताना ‘क्रू नाही’ ही घोषणा ऐकून प्रवासी संतापतात, ते साहजिकच आहे.

म्हणून शेड्युलिंगचा, म्हणजे ड्यूट्या लावणाऱ्या विभागाचा, फोन आला की लगेच ‘ठीक आहे’ म्हणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. किती वाजता उठलो, उतरेपर्यंत किती तास जागे राहणार, मध्ये अर्धा तास तरी डोळा लागेल का, हा हिशेब आधी करावा आणि तो जमत नसेल तर उड्डाणाला आपण लायक नाही, हे सांगून मोकळे व्हावे. तशी मुभा नियमातच आहे. तरी ताप थर्मामीटरने दाखवता येतो तसा थकवा दाखवता येत नसल्यामुळे हे वाक्य भल्याभल्यांच्या घशात अडकते.

हिशेब जमलाच तर कॉफी रिपोर्टिंगच्या सुमारासाठी राखून ठेवायची, दिवे मालवून पुन्हा पडायचे आणि त्याआधी रिसेप्शनला फोन करून गाडीची वेळ स्वतःच बदलून घ्यायची, कारण नवी वेळ वैमानिकाला कळवणाऱ्यांनी ती ड्रायव्हरलाही कळवली असेलच असे नाही.