वळणात पाय उचलायचा नाही

रविवार, रात्रीचे साडेअकरा

अंग अजून हलतंय. म्हणजे खुर्चीत बसलेय, टेबल जागच्या जागी आहे, पण डोळे मिटले की खालून बोट धडधडतेय असं वाटतं आणि उजवा खांदा तर चांगलाच ठणकतोय, कारण दोन दिवस तोच बोटीच्या पाइपाला टेकवून बसले होते. तरी झोपायच्या आधी लिहून ठेवते, नाहीतर उद्या एडिटिंगला बसले की स्क्रीनवर जे दिसेल तेच खरं वाटायला लागेल आणि बोटीत जे झालं ते हळूहळू पुसलं जाईल, हे माझं दरवेळी होतं.

काम असं होतं. अरुंद नदी, काही ठिकाणी तर तीन बोटी शेजारी शेजारी जेमतेम मावतील एवढीच रुंद, दोन्ही काठांना झाडं पाण्यावर वाकलेली, आणि वळणं सलग, एक संपतंय तोवर दुसरं. त्यातून जेटबोट (मागे जोरात पाणी फेकून पळणारी बोट) प्रवाहाबरोबर खाली जाणार, ताशी ६० किलोमीटरच्या आसपास, पंधरा मिनिटांचा एक रन, आणि तो मी शूट करायचा. परवानगी वगैरे सगळी रीतसर घेतलेली, आधी सावकाश एक फेरी मारून पाण्यात पडलेली झाडं कुठे आहेत तेही बघून घेतलं होतं.

काल पहिला दिवस. काल जे झालं त्याने मला रात्रभर झोप नाही. मी कॅमेरा लावला होता वरच्या पाइपावर, सगळ्यात उंच जागी, वाइड लेन्स, स्टॅबिलायझेशन (चित्रातले धक्के काढून टाकणारी सोय) फुल, शटर (प्रत्येक फ्रेमला किती वेळ उजेड घ्यायचा ते) ऑटोवर. मनात असं की उंचावरून नदी पुढे पुढे उलगडत जाताना दिसेल. दिवसभरात तीन रन केले आणि खरं सांगते, पहिल्या रनला मी घाबरले होते, बोट वळताना मागची बाजू अशी सरकते ना की काठावरचं गवत हाताला लागेल असं वाटतं, पोटात गोळा आला होता. आणि रात्री फुटेज बघितलं तर काहीच नाही! नदी एखाद्या हायवेसारखी रुंद दिसतेय, काठ लांब, बोट निवांत चाललीय. तिन्ही रन सारखेच. मला रडू यायचं बाकी होतं, कारण माझ्या अंगाने जे अनुभवलं त्यातलं एक टक्काही त्यात नव्हतं.

मग एक वाजेपर्यंत फ्रेम फ्रेम करून बघत बसले की गेलं कुठे सगळं. वाइड लेन्सने मधला भाग लांब ढकलला होता, समोरचं वळण प्रत्यक्षात अंगावर येत होतं ते व्हिडिओत आरामात येत होतं. वेग असतो फ्रेमच्या कडेला, जवळच्या वस्तूंमध्ये, आणि माझ्या कडेला जवळचं काही नव्हतंच, नुसतं आकाश आणि लांबचे शेंडे, कॅमेरा एवढा वर. पण सगळ्यात मोठा घोळ शटरचा. ऊन कडक होतं म्हणून कॅमेऱ्याने आपणहून १/१६०० वगैरे शटर घेतलं. आता गणित करा, ६० च्या स्पीडला बोट सेकंदाला १६-१७ मीटर जाते, म्हणजे १/१६०० सेकंदात जेमतेम एक सेंटिमीटर. प्रत्येक पान स्वच्छ, प्रत्येक थेंब गोठलेला. फोटो म्हणून सुंदर, पण व्हिडिओ म्हणून तुटक, कारण सेकंदाला ५० फ्रेम्स घेताना दोन फ्रेम्सच्या मध्ये काठ ३३ सेंटिमीटर सरकलेला असतो आणि डोळ्याला मधलं काही मिळतच नाही, त्याला वेग जोडता येत नाही. थोडी पुसट रेघ लागते. आणि त्यात उरलंसुरलं स्टॅबिलायझेशनने गिळलं, बोटीचा प्रत्येक धक्का खाऊन टाकला त्याने.

आज सकाळी मी दादांना हे सगळं दाखवलं. (दादा म्हणजे बोट चालवणारे, वयाने माझ्यापेक्षा बरेच मोठे, बोलणं अगदी मोजकं.) त्यांनी लॅपटॉपवर दोन मिनिटं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "ताई, तुमचा कॅमेरा बोटीच्या नाकासमोर बघतोय. मी तिकडे बघतच नाही."

मग कुठे बघता? तर काठावरच्या ओल्या वाळूत त्यांनी बोटाने एक वळण काढलं. पाणी वळणात बाहेरच्या काठाला जोरात घासून जातं, तो काठ खोदला जातो, तिथे खोल. आतल्या बाजूला वेग कमी, वाळू साठते, तिथे उथळ. म्हणजे नुसता काठाचा आकार बघूनही सांगता येतं की पाणी कुठे आहे. (हे मला अर्धवट माहीत होतं. अल्बर्ट आइनस्टाइनने १९२६ मध्ये नद्या अशा का वळत जातात यावर लिहिलं होतं आणि त्यात चहाच्या कपाचं उदाहरण आहे, चहा ढवळला की पत्ती कडेला न जाता तळाशी मध्यभागी का गोळा होते, त्याच कारणाने वळणात तळाचं पाणी आतल्या काठाकडे जातं आणि गाळ तिकडे नेतं. दादांना सांगितलं तर फार आवडलं त्यांना.) आणि मग पाण्याची साय, म्हणजे पाण्याचा वरचा पृष्ठभाग. हा शब्द त्यांचा. सायीवर व्हीसारखा आकार दिसतो, त्याचं टोक आपल्याकडे असेल तर टोकाशी दगड आहे, टोक पुढे आणि उघडी बाजू आपल्याकडे असेल तर वाट आहे. हे ते ६० च्या स्पीडला वाचतात. एका वळणात असताना पुढच्या वळणाचं.

आणि मग मी तो प्रश्न विचारला जो कालपासून डोक्यात होता. काल प्रत्येक वळणाला माझा उजवा पाय आपोआप ब्रेक शोधत होता, गाडीत शेजारी बसल्यावर होतं तसं, पण इंजिनाचा आवाज वळणात कमी होतच नव्हता, उलट चढत होता. म्हटलं दादा, वळणात स्पीड कमी नाही करत?

ते म्हणाले, "वळणाच्या आधी काय ते करायचं. वळणात पाय उचलायचा नाही."

जेटबोटला पाण्यात सुकाणू नसतं, बाहेर पंखाही नसतो. तळाच्या जाळीतून पाणी आत ओढलं जातं, आतला पंप ते मागच्या नोझलमधून जोरात फेकतो आणि स्टिअरिंग फिरवलं की ते नोझल वळतं. म्हणजे वळवणारी जी काही ताकद आहे ती त्या फेकलेल्या पाण्याचीच. घाबरून अ‍ॅक्सिलरेटरच्या पेडलवरचा पाय उचलला की पाणी फेकणं थांबलं, की वळणंही थांबलं. मला पटकन कळेना म्हणून त्यांनी एका मोठ्या मोकळ्या डोहात नेऊन दाखवलं, स्पीड घेतला, पाय काढला आणि स्टिअरिंग पूर्ण फिरवलं. बोट सरळ! रुळावरून चालल्यासारखी सरळ, स्टिअरिंग नुसतं हातात. मग पाय दाबला आणि तिने एकदम मान वळवली. माझ्या अंगावर काटा आला, कारण आता मला कळलं की काल समोर झाडं येत असताना हा माणूस काय करत होता. माझं सगळं शरीर ज्याच्या उलट ओरडत होतं तेच तो दरवेळी शांतपणे करत होता.

अशा बोटी याच कामासाठी तर निघाल्या. न्यूझीलंडच्या बिल हॅमिल्टन यांनी तिथल्या उथळ, गोटे भरलेल्या नद्यांतून जाता यावं म्हणून १९५० च्या दशकात हे जेट युनिट घडवलं, साधा पंखा तिथे दगडावर आपटून तुटायचा. हलकी जेटबोट एकदा वेगात पाण्यावर उचलली गेली की वीतभर पाण्यावरूनही निघून जाते. १९६० मध्ये याच बोटी ग्रँड कॅन्यनमधून कोलोरॅडो नदीत प्रवाहाच्या उलट वर गेल्या, आणि १९७७ मध्ये एडमंड हिलरी गंगासागरहून जेटबोटी घेऊन गंगेतून वर निघाले ते थेट नंदप्रयागच्या धबधब्यापाशी पाण्याने वाट अडवेपर्यंत. ती मोहीम लहानपणी वाचली होती तेव्हा मला एव्हरेस्टवाला माणूस नदीत काय करतोय असं वाटलं होतं. आज डोहाच्या मध्यभागी बसून ती आठवली आणि वेगळंच वाटलं.

तर आज मी सगळं मोडून पुन्हा मांडलं. एक कॅमेरा बोटीच्या बाहेरच्या अंगाला, पाण्यापासून हातभर उंचीवर, तोंड तिरकं पुढे आणि काठाकडे. त्याला १६ चा एनडी फिल्टर, म्हणजे लेन्सवर लावायची गडद काच, त्याने उजेड सोळाव्या हिश्शावर येतो, म्हणजे कालचं १/१६०० थेट १/१०० वर. आता प्रत्येक फ्रेममध्ये काठ १७ सेंटिमीटर पुसट होतो आणि डोळ्याला हवी तेवढी रेघ मिळते. स्टॅबिलायझेशन बंद केलं. सावकाश शटरवर ते चालू ठेवलं की चित्र स्थिर राहतं पण पुसटपणा मध्येच धडधडतो, फार विचित्र दिसतं. बंद केलं की इंजिनाच्या थरथरीने चित्र जेलीसारखं लचकतं, त्यासाठी माउंटच्या खाली जाड रबर घातलं आणि बऱ्यापैकी गेलं. आणि दोरी. काल पाइपावरचा माउंट तिसऱ्या रनला सुटला होता आणि कॅमेरा दोरीवर लटकत राहिला, ती दोरी नसती तर आज लिहायला काही नसतं. दोरी प्रत्येक कॅमेऱ्याला, बोटीच्या पक्क्या भागाला, यात माझ्याकडून कधीच तडजोड होणार नाही.

लेन्सवरच्या थेंबांनी आजही छळलं. समोरून वारा असूनही एक थेंब बरोबर मध्यभागी बसतो आणि पुढची पाच मिनिटं हलत नाही. समुद्रात लाटांवरचं शूटिंग करणारे लोक काचेला सरळ जीभ लावतात, लाळेने पाणी थेंब न होता पातळ पसरतं. मीही तेच केलं, प्रत्येक रनच्या आधी. चालतं!

ड्रोनचं विचारतील सगळे म्हणून लिहून ठेवते. छोटा ड्रोन आहे माझ्याकडे, तो पूर्ण जोरात सेकंदाला १६ मीटर जातो, बोट त्याच्या किंचित पुढेच, त्यात झाडं वाकलेली, बोट पानांखाली गेली की दिसतच नाही. आणि वरून नदी म्हणजे चित्रातली रेघ होते, तिच्यावर सरकणारी टाचणी. मला ते नको होतं.

दुसरा कॅमेरा मी ठेवला खाली, दादांच्या पायाशी. त्यांना जरा नवल वाटलं. पण आजचं सगळ्यात मोलाचं फुटेज तेच आहे, आता रात्री तीन वेळा बघून झालं. ओला कॅनव्हासचा बूट, नाडी घोट्याभोवती दोनदा गुंडाळून बांधलेली, पेडलवर. फ्रेमच्या एका कोपऱ्यात इंजिन बंद करणाऱ्या कॉर्डची लाल गुंडाळी लोंबतेय, तिचं दुसरं टोक त्यांच्या जॅकेटला. वळण येण्याआधी टाच किंचित टेकते, बूट एवढासाच वर येतो, बोटभर, आणि मग वळण सुरू झालं की चवडा खाली जातो आणि तिथेच राहतो. वरच्या पाइपाचा सावलीचा पट्टा फळीवरून गर्रकन फिरतो, इंजिनाचा आवाज चढतो, पाण्याचे चार थेंब उडून बुटावर पडतात, पण बूट हलत नाही. मग सावली पुन्हा सरळ. मग टाच टेकते. बस एवढंच, पंधरा मिनिटं. बाहेरच्या कॅमेऱ्यात काठावरची लव्हाळी रेघा होऊन अंगावर येतायत आणि इथे हा पाय. हे दोन एकाला एक लावले की काल माझ्या पोटात जे झालं ते दिसतं, मी लावून बघितलं.

आवाजासाठी रेकॉर्डर सीटखाली फोममध्ये गुंडाळून ठेवला होता, कॅमेऱ्याच्या माइकमध्ये नुसता वारा. त्यात एका ठिकाणी इंजिन अचानक किंचाळल्यासारखं वर जातं आणि लगेच खाली येतं, जेटमध्ये पाण्याऐवजी हवा गेली त्या क्षणी. ते काढणार नाही.

अजून एक गोष्ट काढणार नाही. दुसऱ्या रनला पाचव्या वळणानंतर काठावर गळ टाकून एक माणूस बसला होता. दादांनी खूप आधीच वेग उतरवला, पूर्ण उतरवला, बोट अगदी रांगत गेली त्याच्यासमोरून. कारण अर्धवट वेगात बोटीचं बूड पाण्यात बसतं आणि सगळ्यात मोठी लाट तेव्हाच उठते, ती जाऊन काठावर आपटते, माती ढासळते, काठाशी घरटी असतात ती भिजतात. त्या माणसाने हात वर केला, दादांनी हात वर केला. सव्वा मिनिट गेलं त्यात. असे व्हिडिओ खूप बघते मी आणि त्यात नदीवर दुसरं कुणी असतच नाही, सगळे हा भाग कापतात. मला ते पटत नाही. नदीवर माणसं असतात, पक्षी असतात, आणि त्यांच्यासमोर बोट कशी गेली हाही त्या रनचाच भाग आहे. सव्वा मिनिट पूर्ण ठेवणार, लोकांना पुढे ढकलायचं असेल तर ढकलू देत.

शेवटच्या रनचा शेवट. शेवटचं वळण झालं, नदी रुंद झाली, दादांनी पाय काढला. बोटीचं पुढचं टोक खाली आलं, सगळं एकदम गप्प, आणि मी कॅमेरा बंद करायला हात पुढे केला तर म्हणाले, "थांबा ताई, येतेय." काय येतंय ते कळेना. मग मागून आमचीच लाट आली. एवढा वेळ आमच्यामागे धावत होती ती आता पोचली, बोट अलगद वर उचलली, कॅमेऱ्यातलं काठाचं झाड तिरकं होत गेलं, पाणी काचेच्या कडेपर्यंत चढलं, तिथे टेकलं, आणि लाट आमच्याखालून पुढे निघून गेली, समोरच्या सपाट पाण्यात.

नऊ सेकंद आहेत ते. आत्ता परत बघितले.