ठाणे ते वाई विजेच्या गाडीने: चार्जिंगचा हिशेब

गेल्या महिन्यात शनिवार-रविवारला एक दिवस जोडून आम्ही चौघं मावशीकडे वाईला जाऊन आलो. घोडबंदर रोडवरून निघून जाता-येता साधारण ४७० किलोमीटर, शिवाय पाचगणीची एक फेरी. गाडीची बॅटरी ४५ युनिटची. विजेवर सगळे मिळून हजार-साडेदहाशे रुपये खर्च झाले. तेवढीच वीज वाटेतल्या फास्ट चार्जरवर भरली असती तर दोन हजारांच्या घरात गेलो असतो. हा फरक कशामुळे पडला ते सांगतो.

आमच्या सोसायटीत पार्किंगमध्ये महावितरणचं गाडीच्या चार्जिंगसाठीचं वेगळं मीटर आहे. सगळे आकार धरून युनिट मला नऊ रुपयांच्या आसपास पडतं. घरच्या मीटरवर चार्ज करत होतो तेव्हा महिन्याचा वापर ३००च्या पुढे जायचा आणि गाडीची सगळी युनिटं वरच्या, महागड्या टप्प्यात मोजली जायची. ज्यांच्या घरी एसी चालतो त्यांनी तर वेगळ्या मीटरसाठी सोसायटीच्या मागे लागायलाच हवं. कमिटीला पटवायला मला चार महिने लागले, पण तो त्रास वसूल झाला.

शनिवारी पहाटे साडेपाचला १०० टक्क्यांवर निघालो. विटावा, ऐरोली, तुर्भे करत कळंबोलीला द्रुतगती मार्गाला लागलो. राज्याच्या २०२५च्या धोरणानुसार या मार्गावर विजेच्या कारला पथकर माफ आहे. तरी फास्टॅगमधून पैसे कापल्याचा मेसेज येतो का, ते त्याच दिवशी बघा. पुढे खेड शिवापूरला मात्र आम्ही टोल भरला.

वेग ८० ते ८५ ठेवला. या वेगात युनिटला सात किलोमीटर मिळतात, शंभरला साडेपाचच. वाऱ्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, त्यामुळे ताशी ८०वरून १००वर नेणारा वेग फार महाग पडतो. खंडाळ्याचा घाट चढताना टक्के भराभर उतरू लागले, तेव्हा बायकोने दोनदा विचारलं, "पोचू ना?" भरलेली गाडी साडेपाचशे मीटर वर न्यायला अडीच-तीन युनिटं जादा लागणारच. वर पोचल्यावर आकडा स्थिरावतो. घाटातल्या आकड्यावरून पुढच्या प्रवासाचा अंदाज बांधू नका.

तरी शिरवळजवळ चहाला थांबलो तेव्हा मन धजलं नाही आणि आठ युनिटं भरली. २१ रुपये दर, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १९८ रुपये. ॲपवर दिसणारा दर करासकट आहे की कर सोडून, ते आधी बघा. वॉलेटमध्ये लागेल तेवढेच पैसे टाका. एका ॲपमध्ये माझे ३०० रुपये वर्षभर अडकून आहेत. वाईला ३५ टक्के उरले होते, म्हणजे ती आठ युनिटं भरली नसती तरी १७ टक्क्यांवर पोचलो असतो.

खरी बचत मुक्कामी होते. गाडीसोबत मिळालेला चार्जर मावशीच्या गीझरच्या पंधरा अँपियरच्या पॉइंटला लावला तर लाल दिवा. अर्थिंग नव्हतं. तसंच दामटून चार्ज करायचं नाही आणि बारीक वायरचं एक्स्टेन्शन तर कधीच लावायचं नाही, वायर तापते. गल्लीतले वायरमनकाका तासाभरात आले. अर्थिंगची वायर पॉइंटच्या डब्यातच तुटली होती. ती नीट जोडल्यावर हिरवा दिवा लागला. मावशीच्या गीझरलाही इतकी वर्षं अर्थिंग नव्हतं हे त्या निमित्ताने कळलं, आणि मला पैशांपेक्षा त्याचंच जास्त समाधान वाटलं. तुम्ही लॉजवर उतरणार असाल तर बुकिंगआधीच पॉइंटचा फोटो मागवा, अर्थिंगचं विचारा आणि युनिटचा दर ठरवून घ्या.

रात्री आठला लावलेली गाडी सकाळी सातला भरली. दुसऱ्या दिवशी पसरणी घाट चढताना १२ टक्के गेले, उतरताना उलट एक टक्का वाढला. दोन रात्रींत ३९ युनिटं घेतली. मावशी पैसे घेईना. "भाच्याकडून विजेचे पैसे घेऊ होय?" पण तिच्या बिलात आमच्यामुळे पाचेकशे रुपयांची भर पडणार होती, म्हणून बिलावरचा ग्राहक क्रमांक टिपून घेतला आणि त्या महिन्याचं बिल मीच ऑनलाइन भरलं. नातेवाइकांकडे चार्ज करणाऱ्यांनी हे न चुकता करावं. पाहुण्याच्या गाडीचा भार यजमानावर पडू नये.

परतीला उतार जास्त असल्याने वाटेत कुठेच न भरता २५ टक्क्यांवर घरी आलो. दिवाळीनंतर कोल्हापूरला जायचं आहे. तिथे रात्रभर गाडी लावता येईल असा, अर्थिंग नीट असलेला पॉइंट देणारं लॉज कुणाला माहीत असेल तर जरूर कळवा.