पिकरचा डबा आणि दारूगोळ्याचे दिवस

माझे वडील सोलापूरच्या पूर्व भागात एका यंत्रमाग कारखान्यात जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करून चालता ठेवणारे कारागीर, होते. त्यांच्याजवळ पत्र्याचा एक डबा असे आणि त्यात पिकर, शटल, चामड्याचे पट्टे, नट-बोल्ट असे सामान असे. पिकर, म्हणजे शटलला धक्का देणारा तुकडा, फाटला की माग थांबतो आणि नवा मिळेपर्यंत अख्खी पाळी वाया जाते, म्हणून डब्यातला शेवटचा पिकर काढण्याआधीच ते दुसरा आणून ठेवत. देशाच्या संरक्षणाविषयी वाचताना मला तो डबा आठवतो, कारण आपल्याकडे विमाने आणि क्षेपणास्त्रांची चर्चा भरपूर होते, साठ्याची मात्र क्वचित.

महालेखापरीक्षकांच्या २०१७ च्या अहवालात साठ्याचा हिशेब होता. लष्कराकडे ४० दिवसांच्या तीव्र युद्धाला पुरेल इतका दारूगोळा असावा असे ठरलेले असताना, १५२ पैकी ६१ प्रकारांचा साठा सप्टेंबर २०१६ मध्ये १० दिवसही पुरला नसता. पुढे उपसेनाप्रमुखांना तातडीच्या खरेदीचे अधिकार मिळाले, हे योग्यच झाले. पण ऐनवेळी खरेदी करायची तर विकणाऱ्याच्या मर्जीवर राहावे लागते.

ती मर्जी कशी असते, हे आपण दोन्ही बाजूंकडून अनुभवले आहे. १९६५ च्या युद्धात अमेरिकेने भारत आणि पाकिस्तान दोघांचीही शस्त्रे रोखली. २०१८ मध्ये रशियाशी हवाई संरक्षणाच्या पाच एस-४०० क्षेपणास्त्र पथकांचा करार झाला, पण युक्रेनचे युद्ध पेटल्यावर शेवटची दोन लांबणीवर पडली. तेजस या भारतीय लढाऊ विमानाच्या ८३ नगांची मागणी २०२१ मध्ये नोंदवली गेली, तर अमेरिकी इंजिने उशिरा आल्याने ती विमाने रखडली. यात कोणाचा दुष्टावा नाही. ज्याला स्वतःची गरज आहे तो आधी स्वतःचे पाहणारच.

आमच्या भुईकोट किल्ल्याने हा अनुभव फार पूर्वी घेतला आहे. निजामशाही आणि आदिलशाही यांच्या सीमेवर असल्याने तो दोघांनाही हवा होता. निजामशाहीतल्या चांदबीबीच्या विवाहात तो आदिलशाहीच्या विजापूरला आंदण म्हणून गेला आणि १५६५ मध्ये दोन्ही शाह्या मिळून विजयनगरावर चालून गेल्या. तरीही १६२४ च्या भातवडीच्या लढाईनंतर निजामशाहीचा वजीर मलिक अंबरने तो विजापूरकडून घेतलाच. सोयरिकीने जुळलेली युती इतकीच टिकली.

मैत्री नकोच, असे मी म्हणत नाही. ऑगस्ट १९७१ च्या सोव्हिएत कराराचे मोल डिसेंबरात पाकिस्तानशी युद्ध चालू असताना एंटरप्राइज ही अमेरिकी विमानवाहू नौका बंगालच्या उपसागराकडे निघाली तेव्हा कळले. पण लष्करप्रमुख माणेकशा यांनी तयारीसाठी महिने मागून घेतले होते, म्हणून ते युद्ध १३ दिवसांत आटोपले. चीनशी असलेली ३,४८८ किलोमीटरची प्रत्यक्ष नियंत्रण रेषा तशी उसंत देईलच असे नाही.

तोफगोळ्याला पोलादी कवच, स्फोटक, गोळा तोफेतून फेकणारे प्रोपेलंट आणि स्फोट घडवणारा फ्यूज असे चारही भाग लागतात, आणि त्यातला एक जरी कमी पडला तरी उरलेले तीन गोदामात पडून राहतात. पुण्याजवळच्या खडकीसारख्या दारूगोळा कारखान्यांना वर्षावर्षाच्या मागणीऐवजी पाच-दहा वर्षांची ठरलेली मागणी मिळायला हवी, तरच यंत्रे आणि हात दोन्ही कामात राहतील. आमच्या शहरातल्या जुन्या गिरण्या बंद पडल्या तेव्हा तिथले कसबी कामगार कोणी रिक्षावर गेले, कोणी पुण्याला, आणि नंतर एका कारखानदाराने चांगल्या पगारावर जॉबर शोधले तेव्हा त्याला दोन वर्षांत तिघेच मिळाले.