तीन हिवाळे आणि पावणेपाच मिलिमीटर

नोकरीत मी गाड्यांच्या सांगाड्याचं काम करतो. म्हणजे संगणकावर. दार आणि मडगार्ड यांच्यातली फट किती असावी, दोन्ही पत्रे एका पातळीत येतात का, यावर आमच्या मीटिंगा चालतात आणि अर्ध्या मिलिमीटरवरून माणसं एकमेकांशी अबोला धरतात. त्यामुळे १९६९ची शेव्हरोले कॅमेरो घरी आणली तेव्हा पत्र्याचं काम आपल्याला जमणारच, असं मी धरूनच चाललो होतो. भीती होती ती इंजिनाची. झालं बरोबर उलटं. ३५० क्युबिक इंचांचं व्ही-एट इंजिन दोन-तीन महिन्यांत उघडून, साफ होऊन, परत जुळून कोपऱ्यात स्टँडवर उभं राहिलं. पत्र्याने मात्र माझे तीन हिवाळे खाल्ले.

गाडी ओहायोतल्या नॉरवुड कारखान्याची. तिचा व्हीआयएन, म्हणजे गाडीचा ओळखक्रमांक, १२४३७९एन असा सुरू होतो: १२४ म्हणजे व्ही-एट कॅमेरो, ३७ म्हणजे कूपे, ९ हे वर्ष आणि एन म्हणजे नॉरवुड. तो कारखाना १९८७ मध्ये बंद झाला. तिथून निघाल्यापासून ही गाडी मिशिगनच्याच रस्त्यांवर फिरली आणि तेच तिला भोवलं. डेट्रॉइट शहराच्या पोटात हजार फुटांहून खोल मिठाची खाण आहे. बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकायचं, त्या मिठाने गाड्या खायच्या आणि गाड्या बनवायच्याही याच शहराने. धंदा म्हणून वर्तुळ अगदी पूर्ण आहे.

बाहेरून गाडी देखणी होती. चुंबक घेऊन फिरलो तेव्हा मागच्या चाकाच्या कमानीभोवती ते चिकटेचना. खाली बोटभर जाडीची पुट्टी होती आणि पुट्टीखाली पत्रा असा उरलाच नव्हता. ज्याने ती लावली त्याचा हात चांगला असणार, कारण मागच्या चाकापुढच्या त्या उभ्या खाचाही त्याने पुट्टीतच कोरल्या होत्या. थोडक्यात, दोन्ही क्वार्टर पॅनल, म्हणजे दारामागचे, मागच्या चाकावरचे बाजूचे पत्रे, गेले होते, दोन्ही मडगार्डांची खालची टोकं गेली होती आणि डिकीची जमीन कडेने गेली होती. दारं आणि रॉकर, म्हणजे दाराखालचा उंबरठा, मात्र शाबूत होते. या उंबरठ्याचं मोल मला तेव्हा कळलं नाही.

क्वार्टर पॅनल बाजारात दोन प्रकारचे मिळतात. एक 'स्किन', नुसतं बाहेरचं कातडं. ते जुन्या पॅनलच्या सपाट भागावर कापून जोडायचं. दुसरा पूर्ण पॅनल: दाराच्या चौकटीची कड, डिकीची पन्हळ, वर छताच्या जोडापर्यंत सगळं एकसंध. मी पूर्ण पॅनल घेतला. कारखान्यात जिथे जोड होता तिथेच माझाही जोड यावा, ही हौस. आज विचाराल तर सांगेन, दाराच्या चौकटीची जुनी कड चांगली असेल तर तिला हात लावू नका. छताचा जोड कारखान्याने शिशाने भरलेला असतो. ते शिसं ग्राइंडरने उडवायचं नाही, त्याची धूळ विषारी. बर्नरने गरम करून तारेच्या ब्रशने पाडायचं, तोंडावर चांगला रेस्पिरेटर लावून आणि गॅरेजचं दार उघडं ठेवून. जानेवारीत मिशिगनमध्ये गॅरेजचं दार उघडं ठेवण्याचा अनुभव वेगळा लिहावा लागेल.

नवे पॅनल काळ्या रंगात येतात. तो काळा रंग भरवशाचा प्रायमर आहे की नुसता वाहतुकीपुरता, हे थिनरच्या बोळ्याने घासून पाहायचं. माझ्याकडे एका पॅनलचा रंग टिकला, दुसऱ्याचा बोळ्यावर उतरला. तो मी पूर्ण काढून टाकला.

आता माझी चूक. काम करताना आड येतात म्हणून मी आधी दोन्ही दारं काढून ठेवली. मग डावा क्वार्टर सोडवला: स्पॉट वेल्डचा एकेक ठिपका शोधायचा, त्यावर खास कटर चालवायचा, छिन्नीने पत्रा उचलायचा. असे शेकड्याने ठिपके. नवा पॅनल लावून बघितला तर तो डिकीच्या बाजूला नीट बसे आणि चाकाच्या कमानीशी बाहेर येई. कमान दाबली की डिकीकडे उचले. दोन शनिवार झटापट केली. मग वाटलं, उजवीकडे कसं आहे ते तरी बघू, आणि उजवाही कापला. आता गाडीला मागचा एकही मूळ पत्रा राहिला नव्हता, दारं भिंतीला टेकून उभी होती आणि डिकीचं झाकण नेमकं कुठे असायला हवं हे सांगणारं गाडीत काहीही उरलं नव्हतं. दाराच्या मोकळ्या चौकटीला आडवा आधार वेल्ड करायचा असतो, तोही मी केला नव्हता. कर्ण मोजले तर दोन बाजूंत सहा मिलिमीटरचा फरक. कपाट गुण्यात नसताना त्याला पल्ले लावायला बसलेल्या सुतारासारखी माझी गत.

आमच्या गल्लीत एक आजोबा राहतात, ऐंशीच्या पुढचे. फ्लिंटला फिशर बॉडीत त्यांची उमेदीची वर्षं गेली. जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांच्या दारातल्या पट्टीवर 'बॉडी बाय फिशर' लिहिलेलं असतं, तीच कंपनी. कॅमेरो त्यांच्या हातून गेलेली नाही, तिथे ब्युइकच्या बॉड्या बनत. कुत्र्याला फिरवताना ते माझ्या गॅरेजपाशी थांबायचे, बघायचे आणि काही न बोलता पुढे जायचे. त्या दिवशी आत आले. मी त्यांना क्वार्टर कुठे बसत नाही ते दाखवू लागलो. त्यांनी क्वार्टरकडे पाहिलंच नाही. एवढंच विचारलं, "दारं कुठे आहेत?"

मग जे शिकलो ते त्यांच्याकडून, अधूनमधून आणि तुकड्यातुकड्याने. गाडीत जे हलत नाही तिथून सुरुवात करायची. माझ्या गाडीत तो उंबरठा. दार उंबरठ्याला जुळवायचं, क्वार्टर दाराला, मडगार्ड दाराला आणि बॉनेट सर्वांत शेवटी मडगार्डांना. मी डिकीकडून सुरुवात करून दाराकडे येत होतो.

पण त्याआधी खालचा सांगाडा. कॅमेरोचा मागचा भाग एकसंध बॉडीचा, पण पुढे इंजिन आणि चाकं ज्यावर बसतात ती चौकट वेगळी, रबरी बुशांवर बोल्टने कसलेली. माझे बुश पापडासारखे चपटे झाले होते. ते नवे घातले. चौकटीत आणि बॉडीत समोरासमोर भोकं असतात, त्यांतून गोल सळई आरपार घालायची आणि मगच बोल्ट कसायचे, म्हणजे चौकट तिरकी बसत नाही. गाडीचे स्टँड उंबरठ्याखालून काढून मागच्या अॅक्सलखाली आणि पुढच्या सस्पेंशनखाली दिले, म्हणजे ती चाकांवर उभी असल्यासारखी वजन घेऊन उभी राहिली. पाणसळ लावली. उंबरठ्यापासून वर छतापर्यंत चौरस नळीचे आडवे-तिरपे आधार वेल्ड केले आणि त्यांनीच ते सहा मिलिमीटर हळूहळू जागेवर आणले.

मग दारं. बिजागऱ्यांच्या खिळी आणि पितळी बुश झिजलेले होते. दार उघडून मागच्या टोकाला धरून उचललं की चांगलं बोटभर वर यायचं. आधी ते बदलले. लॉकचा खुंटा काढून ठेवला, कारण तो असला की तोच दाराला ओढून आपल्या जागी नेतो आणि बिजागरी खोटी पडल्याचं कळत नाही. डावं दार खाली आत आणि वर बाहेर राहत होतं. आजोबांनी दाराच्या मागच्या कडेला, खालच्या बाजूला लाकडाचा ठोकळा धरला, दार त्यावर टेकवलं आणि वरचा भाग जोराने आत दाबून पिळला. मला वाटलं, संपलं दार. दोनदा पिळलं, ठोकळा काढला, दार लागलं. वर-खाली एका पातळीत! कारखान्यात माणसं हेच करायची, ते म्हणाले. ऑफिसात आम्ही याला टॉलरन्स म्हणतो आणि त्याचे तक्ते काढतो.

फट मोजायला मी ऑफिससारखा फीलर गेज आणला होता. त्यांनी रंगाच्या दुकानात फुकट मिळणारी रंग ढवळायची काठी आणली. ती सगळीकडून सारख्या जोराने सरकली पाहिजे, बस. माझं लक्ष्य होतं ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर. त्या काळी नव्या गाडीतही फट एवढीच असे, आणि ती सगळीकडे सारखी नसे. आजच्या गाड्यांसारखी साडेतीन मिलिमीटरची फट या दारांवर ठेवली तर रंगाच्या थरानंतर कडा घासू लागतील.

दार जागेवर आल्यावर क्वार्टरचं कोडं तासाभरात सुटलं. चाकाची बाहेरची विहीर, म्हणजे कमानीच्या आतला पत्रा, मी नवी बसवली होती आणि ती आठ मिलिमीटर जास्त बाहेर होती. तीच क्वार्टरला ढकलत होती. दोष नव्या पत्र्याचा नव्हताच, आणि मी मात्र विक्रेत्याला दोन लांबलचक तक्रारी पाठवून मोकळा झालो होतो. विहीर सोडवून परत लावली. मग क्वार्टर क्लॅम्पांनी आणि पत्र्याच्या स्क्रूंनी धरून, डिकीचं झाकण, मागचा लाइट पॅनल, कोपऱ्यांची टोकं आणि बाजूची काचसुद्धा लावून बघितली. सात-आठ वेळा काढलं, घातलं. प्रत्येक वेळी क्वार्टर गाडीवरून उतरवायला बायको दुसरं टोक धरायची. आठव्या वेळी तिने विचारलं, "हे शेवटचं का?" मी हो म्हणालो. नव्हतं.

वेल्डिंगचं फार सांगत नाही. पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा. मिग मशीनला ०.६ मिमीची तार, आरगॉन आणि कार्बन डायऑक्साइडचं मिश्रण. कडेला आठ मिलिमीटरची भोकं पाडून ती भरायची, पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा प्रायमर. एक टॅक, म्हणजे वेल्डचा ठिपका, इथे, दुसरा हातभर लांब, तिसरा पलीकडे. सलग ओढलं की पत्रा तापून पोळीसारखा फुगतो, आणि पोळी निदान खाता तरी येते. उजव्या बाजूला मी घाई केली. छताखालच्या सपाट भागात तळहाताएवढा पोचा आला, तो हातोडी-ठोकळ्याने बराच बसवला, उरलेला पुट्टीखाली आहे. पुट्टीवाल्यावर मी आधी जे हसलो ते इथे परत घेतो.

मडगार्ड बोल्टचे, म्हणून सोपे वाटले. डाव्याची कमानीवरून मागे येणारी घडी दाराच्या घडीशी जुळली. उजव्याची तीन मिलिमीटर खाली. पाचरा घालून मडगार्ड उचललं की बॉनेटशी पातळी जाते. शेवटी काउलपाशी, म्हणजे पुढच्या काचेखाली, एक पाचर कमी केली, खालच्या बोल्टाचं भोक लांबवलं आणि मडगार्डाच्या मागच्या कडेवर वेल्डची बारीक रेघ भरून घासली, तेव्हा फट सारखी झाली. दाराची कड मात्र घासायची नाही. तिथे बाहेरचा पत्रा आतल्यावर दुमडलेला असतो, घासला की दुमड उघडते. वाढवायचं असेल तर भर घाला, कमी करायचं असेल तर शेजारच्या पॅनलचं करा.

इथे दुसरी चूक. मडगार्डांचं काम करताना सस्पेंशनखालचे स्टँड पायात येत होते, म्हणून मी ते मागे, इंजिन आणि बसायची जागा यांच्यामधल्या पत्र्याजवळ (फायरवॉलजवळ) सरकवले. इंजिन तर कोपऱ्यातच होतं. सगळ्या फटी काठीने तपासल्या, फोटो काढले, आजोबांना दाखवले. त्यांनी विचारलं, "इंजिन?" मी म्हटलं, नंतर. ते हसले आणि कुत्र्याला घेऊन गेले. एप्रिलमध्ये अडीचशे किलोंचं इंजिन घातलं, गाडी चाकांवर उतरवली आणि डावं दार उघडलं, तो मडगार्डाच्या मागच्या वरच्या कोपऱ्याला घासत उघडलं. पाचाची फट दोनवर आली होती. गाडी दोन टोकांवर उभी राहिली की मध्ये किंचित वाकते आणि दारांच्या वरच्या फटी मिटतात, हे मी इतरांना शिकवू शकतो, बरं का. रेडिएटरच्या चौकटीखालची एकेक पाचर काढली, मडगार्डाचं नाक खाली झुकलं आणि मागे वरची फट उघडली. बॉनेट मग पुन्हा पहिल्यापासून.

त्यातही एक राहिलंच होतं. दारांचं रबर. नवं रबर लावलं तर दार मागच्या बाजूला चार मिलिमीटर बाहेर. नवं रबर जाड आणि ताठ असतं, ते दाबायला लॉकचा खुंटा आत घ्यावा लागतो. हे सगळं जुळवतानाच रबर लावून बघायचं असतं. आठवडाभर दार बंद ठेवून रबर बसू दिलं, मग थोडा फरक पडला.

ऑगस्टच्या तिसऱ्या शनिवारी डेट्रॉइटजवळ वुडवर्ड अॅव्हेन्यूवर जुन्या गाड्यांची मिरवणूक असते, १९९५पासूनची. यंदा मी राखाडी प्रायमरमधली गाडी घेऊन गेलो. रंग न लावलेल्या गाड्या तिथे पुष्कळ असतात, कोणी नाक मुरडत नाही. आजोबा शेजारी बसले होते. उतरताना त्यांनी दार लावलं, खिशातून ती काठी काढली आणि भर गर्दीत दाराच्या मागच्या फटीत खालपासून वरपर्यंत सरकवली. वरच्या वळणापाशी ती जराशी अडली.

रंग आता पुढच्या हिवाळ्यात. त्यासाठी सगळे पॅनल पुन्हा काढावे लागतील. प्रत्येक बिजागरीतून आणि तिच्यामागच्या पत्र्यातून मी तीन मिलिमीटरची दोन-दोन भोकं पाडून ठेवली आहेत. परत लावताना त्यांत ड्रिलचे बिट घालायचे आणि मग बोल्ट कसायचे, म्हणजे दार होतं तिथेच येतं. वरच्या वळणापाशी अडणाऱ्या दाराची भोकं अजून पाडलेली नाहीत.