कपडे वाळायचं ऊन

परवा दुपारी मीटिंग ऐन रंगात आली असताना शेजारच्या आजींनी कुंपणावरून आरोळी ठोकली, "आला, आला!" कोण आला ते विचारावं लागत नाही. कॅमेरा बंद करून मी मागच्या दारातून तशीच अनवाणी धावले. हातात लेकाचे गणवेश, दातांत चिमटा. पाऊस जेमतेम पाच मिनिटं पडला आणि मग लख्ख ऊन. आम्ही दोघींनी मुकाट्यानं सगळं परत दोरीवर चढवलं.

आयर्लंडच्या पश्चिमेला काही भागांत वर्षाचे २२५ दिवस पावसाचे. पूर्व किनाऱ्यावर साधारण १५०. त्यामुळे पूर्वेचे डब्लिनकर हवेबद्दल कुरकुरायला लागले की आम्ही पश्चिमेचे गॉलवेकर कानाडोळा करतो. इथे कपडे वाळवतो तो खरं तर वारा. अटलांटिकवरून भणाणत येतो आणि पलंगपोसांची शिडं करून टाकतो. "आज ड्राइंग मस्त आहे हो!" (म्हणजे कपडे वाळायला हवा छान) असं आजी म्हणाल्या, की त्यांनी आधी आकाशाकडे नाही, समोरच्या झाडाच्या शेंड्याकडे पाहिलेलं असतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड, त्यामुळे जेवणं उरकल्यावरसुद्धा एक मशीन लावता येतं. डिसेंबरात दुपारी साडेचारला दिवे लागतात. मग मोजे रेडिएटरवर, चादरी दारांवर, सकाळी खिडकीच्या काचांवर पाण्याचे ओघळ आणि कोपऱ्यात काळी बुरशी.

मला याचं काय कौतुक! चिपळूणला आमच्या स्वयंपाकघरात चुलीच्या वर वलणी होती. आषाढात शाळेचे कपडे तिथेच. सकाळपर्यंत ते निम्मे वाळायचे आणि पुरते धुरकटायचे. उरलेलं काम आईचा तांब्या करायचा. त्यात निखारे भरून, फडक्यानं काठ धरून ती ओल्या कॉलरवरून तो फिरवायची, तेव्हा चर्र आवाज होऊन वाफ निघायची. वर्गात सगळ्यांनाच धुराचा वास, त्यामुळे कोणी कोणाला हसत नसे. आजींच्या घरी अजून टर्फ, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली मातीची ढेकळं, जळतं. वारा फिरला की तो धूर माझ्या टॉवेलांत शिरतो, आणि मी ते पुन्हा धुवायला टाकत नाही.

पावसाशी व्यवहार मात्र दोन्हीकडे देवामार्फतच. आपल्याकडे पाऊस यावा म्हणून देव पाण्यात ठेवतात. इथे येऊ नये म्हणून लग्नाच्या आदल्या रात्री 'चाइल्ड ऑफ प्राग'ची मूर्ती बाहेर बागेत, झुडपाखाली नेऊन ठेवतात. लाल झगा, डोक्यावर मुकुट, हातात पृथ्वीचा गोळा असा बाळ येशू. मूर्तीची मान आपसूक तुटलेली असेल तर आणखी चांगलं म्हणतात. आजींच्या मूर्तीची मान गोंदानं चिकटवलेली आहे. तिघी लेकींची लग्नं कोरडी पार पडली, असं त्या सांगतात. मी कशाला शंका काढू?

या ओलसर कारभारात घरातली एकच जागा माझी लाडकी, हॉट प्रेस. जिन्याच्या वरच्या टोकाला कपाट, आत गरम पाण्याची तांब्याची टाकी आणि भोवती लाकडी फळ्या. टॉवेल, बनियन, मुलांचे पायजमे तिथे उबेला. टाकीत विजेवर पाणी तापवणारं इमर्शन. त्याला एक बटण सिंकचं, एक बाथचं. ते चालू राहिलं म्हणजे घरात पातक घडलं. गाडी मोटरवेला लागल्यावर "इमर्शन बंद केलंस ना?" हा प्रश्न आमच्याकडेही आता मराठीतून येतो, आणि नवऱ्याचा चेहरा पाहून उत्तर कळतं.

माझं दही तिथेच लागतं, वरून दुसऱ्या फळीवर, जुन्या टॉवेलात गुंडाळून. इडलीचं पीठ खालच्या फळीवर, पातेल्याखाली ताटली ठेवून. कारण एकदा ते उतू गेलं आणि नवरा आठवडाभर ऑफिसात आंबूस वासानिशी वावरला. आजींना मी वाटीभर दही दिलं, तेव्हा त्यांनी कुठे लावलं ते विचारलं आणि ऐकून जराही चकित झाल्या नाहीत. त्यांच्याकडे त्या कपाटात आजारी कोंबडीचं पिल्लू वाढलं होतं म्हणे.

आता आम्ही नवं घर बघतोय. ऊर्जाबचतीत ए रेटिंगचं, बाहेरच्या हवेतली उष्णता आत आणणाऱ्या हीट पंपवालं. बिल कमी, बुरशी नाही, हवा खेळती. एजंटनं कौतुकानं हॉट प्रेस उघडून दाखवलं. मी टाकीला हात लावला. इन्सुलेशन इतकं चोख, की कपाट गारढोण. नवरा बिलाचा हिशेब करत होता. मी म्हटलं, घर चांगलंय, पण दही?

तो म्हणाला, विकत आणू. बघू.